पादऱ्याचं घड्याळ बरोबर होतं

अप्पा,

तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले. तेरावा झाला, गोडजेवण झालं, पाहुणे आपापल्या गाडीने परतले. वहिनींनी तुमची पगडी नि काठी आतल्या खोलीत नेऊन ठेवली. मी मात्र रोज सकाळी नेमाने तळघरात उतरतो, भूकंपयंत्राच्या ढोलावरचा कालचा कागद काढतो, काजळी धरलेला नवा चढवतो आणि घड्याळाला किल्ली देतो. तुम्हाला पोचवून आलो त्या दिवशीसुद्धा अंघोळ करून आधी तिथेच गेलो. लोक म्हणाले असतील, काय दगडाचा माणूस आहे. म्हणू देत. त्या दिवशीचा कागद बदलायचा राहिला असता तर तुम्ही रागावला नसतात, नुसतं चष्म्याच्या वरून बघितलं असतंत. ते मला कधीच सोसलेलं नाही.

वर्तमानपत्रांनी तुमच्यावर लिहिलं. जन्म कधीचा, पदव्या कुठल्या, कॉलेजात पदार्थविज्ञान किती वर्षं शिकवलं, भूकंपावर किती लेख लिहिले. सगळं बरोबर आहे आणि त्यात तुम्ही कुठेच नाही. मला ते लिहायचं नाही. मला तुमच्याशी बोलायचं आहे, आणि उद्याच्या आत बोलायचं आहे.

कारण उद्या रविवार, आपल्या भूकंप-निरीक्षण मंडळाची सभा. तुम्ही वहिनींपाशी एक पाकीट ठेवून गेलात. आत चार ओळी. त्यातली शेवटची, "माझ्यामागे मंडळाचं काम यशवंतरावांनी पाहावं." सभासदांना ती कळली आणि आठवड्याभरात गावोगावची कार्डं आली, आम्हाला मंजूर आहे म्हणून. अप्पा, मी चार वर्षं एक खोटं पोटात घेऊन बसलो आहे. ते सांगितल्याशिवाय तुमच्या खुर्चीवर बसायला मन धजत नाही, आणि सांगितलं तर ती खुर्ची मिळेलच असं नाही. मला ती हवी आहे. कशाला साळसूदपणा करू? फार हवी आहे.

तुम्ही मला पहिल्यांदा भेटलात ते सरकारी कारखान्यात. मी घड्याळं दुरुस्त करायचो. तुम्ही आलात, खांद्यावर उपरणं, हातात कागदाची गुंडाळी. तिच्यावर एक जड गोळा, एक दांडी, एक तार आणि टोकाला सुई काढली होती. "हे करून द्याल?"

"हे काय आहे?"

"जमीन हलली तरी हे जागचं हलत नाही. म्हणून जमीन हलल्याचं कळतं."

मला वाटलं, ऊन लागलेलं दिसतं. पण चित्रात एक सांधा असा होता की तो कसा बसवायचा हे मला सुचल्याशिवाय चैन पडेना. तुम्ही ते ओळखलंत. नंतर कळलं, माणसाला कामाला लावायची तुमची हीच रीत. काम सांगायचं नाही, त्यातली अडचण दाखवायची.

माझे आजोबा पागेतले शिलेदार, तुमचे फडणिशीत कारकून. बडोद्यात अशा दोन घराण्यांतली माणसं एका तळघरात बसली की थट्टा व्हायचीच. मी म्हणायचो, आमच्या वडीलधाऱ्यांनी मुलूख राखला. तुम्ही म्हणायचात, "आणि आमच्यांनी तो कुठवर आहे ते लिहून ठेवलं, नाहीतर तुम्ही शेजाऱ्याचाच राखत बसला असता." ह्यावर मला वीस वर्षांत उत्तर सापडलं नाही.

यंत्र उभं राहायला एक हिवाळा लागला. शिशाचा गोळा मी ओतला. कागद रॉकेलच्या दिव्यावर धरून काळा करायची युक्ती तुमची. सुई त्या काजळीवर पांढरी रेघ ओढत जायची, आणि दिवस संपला की कागद चपडी लाखेच्या पाण्यात बुडवून रेघ पक्की करायची. माझी बायको विचारायची, कोळशाच्या वखारीत नोकरी धरलीत का. मग एका दुपारी सुई थरथरली. आपण दोघं श्वास रोखून बघत राहिलो. तुम्ही माझा दंड असा धरला होता की दोन दिवस वळ राहिला. जरा वेळाने वरून शिट्टी ऐकू आली. छोट्या रेल्वेची मालगाडी निघाली होती.

मला रडू यायचं बाकी होतं. तुम्ही हसत सुटलात, आणि हसता हसता वही ओढून नोंद केलीत, 'मालगाडी'. पुढे आपल्याला रेघेवरून मालगाडी ओळखू यायला लागली, हत्तीखान्यातले हत्ती पाण्यावर निघाले की तेही. महाराजांच्या हीरक महोत्सवात तोफांच्या सलाम्यांनी अख्खा कागद भरून गेला तेव्हा तुम्ही तळघरात हात जोडून म्हणालात, "सरकारांना उदंड आयुष्य लाभो, पण माझा आजचा दिवस गेला."

आणि एकदा खरंच भूकंप आला. दूर कुठेतरी समुद्रापलीकडे जमीन हलली होती. बडोद्यात पान हललं नव्हतं, आणि आपली सुई शांतपणे मोठे मोठे हेलकावे काढत होती. त्या दिवशी तुम्ही हसला नाहीत. कागदाकडे बघून हळूच म्हणालात, "यशवंतराव, ही बातमी आपल्याला कुणी सांगितली नाही. जमिनीनेच सांगितली." एवढं बोलून तुम्ही पायरीवर बसलात. मीही बसलो. मला त्या क्षणी कळलं की आता मी घड्याळं दुरुस्त करायला परत जाणार नाही.

पण एका यंत्राने धक्का कुठे बसला ते कळत नाही, त्याला ठिकठिकाणच्या नोंदी लागतात. म्हणून मंडळ. तुम्ही शाळामास्तरांना लिहिलंत, स्टेशनमास्तरांना, डॉक्टरांना, एका देवळाच्या पुजाऱ्यालासुद्धा. काठेवाडात, महीकाठी, खाली दक्षिणेत. पाच गावांना मी यंत्रं करून दिली, बाकीच्यांना नुसती छापील कार्डं. धक्का कधी जाणवला, काय हललं, कोण घाबरलं, एवढं लिहायचं. सगळं सुरळीत झालं असतं, पण दर संस्थानाची वेळ निराळी! मुंबईची एक, रेल्वेची दुसरी, आणि जिथे दरबार तिथे दरबारची तिसरी.

ते एक दिवाणसाहेब आठवतात? आपण इतके कोस गाडीत हाडं खिळखिळी करून गेलो, आणि ते मिशीला पीळ देत म्हणाले, "आमच्या राज्यात तोफ होते तेव्हा बारा वाजतात." माझं डोकं भणभणलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "अगदी योग्य. तोफ आपलीच राहू द्यावी. फक्त तोफ झाली की स्टेशनच्या घड्याळात किती वाजले होते, तेवढं कार्डाच्या कोपऱ्यात लिहायला सांगावं." दिवाणसाहेब खूष. वर आपल्याला जेवूनही पाठवलं. परतताना मी गाडीत धुसफुसत होतो की तुम्ही फार वाकता. तुम्ही म्हणालात, "मला दिवाण नको होता. वेळ हवी होती, ती मिळाली." आणि डोळे मिटून झोपी गेलात. अशी तुम्ही एकेक वेळ गोळा केलीत. कुणाचं घड्याळ मोडीत काढलं नाहीत, आणि दोन-तीन वर्षांत सगळी आपण होऊन एका वेळेला आली.

तुमचे नियम मला काचायचे. दर शनिवारी कार्ड टाकायचंच, काही झालं नसलं तरी. त्यावर दोनच शब्द, 'काही नाही'. गठ्ठेच्या गठ्ठे 'काही नाही' यायचे आणि मी ते दोऱ्याने बांधत बसायचो. मी म्हणालो, ह्यात रद्दीवाल्याशिवाय कुणाचा फायदा नाही. तुम्ही म्हणालात, "ज्याने शंभरदा खरं 'काही नाही' लिहिलंय, तो एकदा 'झालं' म्हणाला की मी डोळे मिटून मानीन." दुसरा नियम, निरीक्षकाला एक प्रश्न एकदाच विचारायचा. पुन्हा पुन्हा विचारलं की माणूस बिचारा आपल्याला काय हवं आहे ते ओळखून तसं सांगायला लागतो. म्हणून एकदा विचारायचं आणि जे येईल ते त्याच्या नावावर लिहायचं.

आणि तिसरा, ज्यावरून आपण शेवटपर्यंत भांडलो. मंडळाचं तिमाही पत्रक निघायचं त्याच्या पहिल्याच पानावर मागच्या अंकातल्या चुका. जगातले बाकी लोक शुद्धिपत्र शेवटी, बारीक टायपात, कुणाला दिसू नये असं छापतात. आपलं मथळ्याखाली. मी म्हणायचो, घरचं उणंदुणं चव्हाट्यावर कशाला? आधीच मोठ्या वेधशाळांतले लोक आपल्याला हौशी म्हणून हसतात. तुम्ही म्हणायचात, हसू देत, हसता हसता वाचतील तरी. मी चिडून चहा न घेता निघून जायचो, आणि दुसऱ्या दिवशी येऊन पुन्हा तिथूनच सुरू. ते भांडण अर्धं राहिलं, अप्पा. माझ्याकडे अजून दोन-तीन चांगले मुद्दे शिल्लक होते.

आता ती संक्रांत.

तुम्हाला माहीत आहे, पण हे मी उद्या सभेतही वाचणार, तेव्हा नीट सांगतो. यंत्राजवळच्या घड्याळाला रोज सकाळी किल्ली द्यायची आणि चारच्या सुमारास तारऑफिसात येणाऱ्या वेळेच्या इशाऱ्याशी ते ताडून बघायचं, हे काम माझं. खिशातलं घड्याळ घेऊन जायचं, तारमास्तरांच्या वहीत सही करायची, परत येऊन किती सेकंद पुढे, किती मागे ते आपल्या वहीत मांडायचं. संक्रांतीच्या आदल्या दिवशी मी किल्ली द्यायला विसरलो. संक्रांतीला सकाळी खाली गेलो तर घड्याळ बंद. मी ते घरच्या घड्याळावरून चालू केलं. म्हटलं, आता चारला ताडून बघू.

चारला मी मेव्हण्याच्या अगाशीवर होतो. बडोद्याची उतराण, अप्पा! आभाळ दिसत नव्हतं पतंगांनी. ऊंधियूची पातेली वर आली होती, मेव्हणा फिरकी धरून "ढील आपो, ढील!" म्हणून ओरडत होता, आणि मी एकामागून एक सहा पतंग कापले होते. चाळिशी उलटलेला माणूस मी. घड्याळ खिशात होतं. मी ते काढून बघितलं, चारला दहा कमी. तारऑफिस पायी पाऊण तासावर. म्हटलं, एक दिवस काय बिघडतंय. आपल्याला असला कोणता भूकंप येतोय?

संध्याकाळी वहीत मी अंदाजाने आकडा लिहिला. तीन सेकंद मागे. आदल्या दिवशीसारखाच, शंका येऊ नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी, वासी उतराणीला, दुपारी बिहार हादरला.

आपली सुई कागदाच्या बाहेर जायला आली. तुम्ही कॉलेजातून धावत आलात, पगडी न घालता. तुम्हाला रस्त्यावर बोडक्या डोक्याने मी त्या एकाच दिवशी पाहिलं. गावंच्या गावं गेल्याच्या तारा मागाहून आल्या, आणि तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत. त्या दोन दिवसांत मी घड्याळ तारऑफिसाशी ताडलं. ते पाऊण मिनिट चुकत होतं. मी काय केलं? गुपचूप काटे नीट केले आणि वहीत काही लिहिलं नाही.

पाच यंत्रांपैकी एक पादरा गावी होतं, त्रिभोवन मास्तरांकडे. बडोद्यापासून हाकेच्या अंतरावर. दूरचा धक्का दोन्हीकडे जवळपास एकाच वेळी पोचायला हवा, आणि दोन वेळांत पाऊण मिनिटाचा फरक. दोहोंतलं एक घड्याळ खोटं. मास्तर रोज शाळा सुटली की स्टेशनावर जाऊन वेळ लावायचे, पण शेवटी ते एकटे, शाळेच्या अडगळीच्या खोलीत यंत्र. इकडे बडोदं म्हणजे मंडळाचं केंद्र, आणि वहीत माझ्या अक्षरात तीन सेकंद.

तुम्ही त्यांना कार्ड टाकून बोलावून घेतलंत. ते आले, टोपी काढून हातात धरून उभे राहिले. "साहेब, मी गेलो होतो स्टेशनावर. पतंगनो दिवस होतो, शाळा बंद, तरी पण गेलो होतो." तुम्ही मान डोलावलीत. मग माझ्याकडे वळलात.

"यशवंतराव, संक्रांतीला तुम्ही तारऑफिसात गेला होतात ना?"

"गेलो होतो," मी म्हणालो.

एवढंच. तुम्ही वहीकडे वळलात. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं, टोपी घातली, नमस्कार केला आणि गेले. पुढच्या पत्रकात आलं, 'पादरा येथील नोंद वेळेच्या दृष्टीने विश्वसनीय नसल्याने गणितातून वगळली आहे.' ती ओळ लावताना छापखान्यात मी स्वतः उभा होतो. मास्तरांनी तक्रार केली नाही. शनिवारचं कार्ड येत राहिलं, 'काही नाही'. आता त्या दोन शब्दांकडे बघवत नव्हतं.

मग उन्हाळ्यात मोठ्या वेधशाळांचे आकडे आले. तुम्ही आठ दिवस पाटीपेन्सिल घेऊन बसलात. त्यानंतरच्या पत्रकाचं पहिलं पान मला पाठ आहे. 'बडोदे केंद्राची वेळ चुकीची होती. पादऱ्याची वेळ बरोबर होती. श्री. त्रिभोवन मास्तर यांची नोंद मंडळातील सर्वोत्तम ठरते. दोष केंद्रप्रमुखाचा.' खाली तुमची सही. चुकीवर माझं नाव नाही, नुसतं तुमचं.

एका वेधशाळेने आपल्याला नवं विलायती यंत्र द्यायचं कबूल केलं होतं. तुम्ही त्याची वाट बघत होतात, जशी सासुरवाशीण दिवाळीची बघते. ते पत्रक वाचून तिकडून उत्तर आलं, जिथे वेळ राखता येत नाही तिथे यंत्र देऊन उपयोग काय. तुम्ही पत्र वाचलंत, घडी घातलीत. "बरोबरच आहे त्यांचं," म्हणालात. आणि मग, "चला, कागद बदलायची वेळ झाली."

आणि किल्ली माझ्या हातात दिलीत. रोजच्यासारखी.

अप्पा, तुम्ही ती काढून घेतली असतीत तर मी सुटलो असतो! तुम्ही ओरडला असतात, मंडळातून हाकललं असतंत, तर मी चार दिवस शिव्या घालून पुन्हा घड्याळं दुरुस्त करायला बसलो असतो. पण तुम्ही काही विचारलंच नाहीत. मी रोज ठरवायचो, आज सांगू. तुमच्या आजारात तर पक्कं ठरवलं. त्या दुपारी वहिनी पेज आणायला आत गेल्या होत्या आणि मी खुर्ची पुढे ओढली. "अप्पा, एक बोलायचं होतं." तुम्ही डोळे उघडलेत, माझ्याकडे खूप वेळ बघितलंत. तेवढ्यात वहिनी आल्या. मी म्हणालो, "आजची रेघ अगदी सरळ आहे." तुम्ही म्हणालात, "असू दे." तिसऱ्या दिवशी तुम्ही नव्हतात.

काल सकाळी मी छोट्या गाडीने पादऱ्याला गेलो. म्हटलं, तुम्हाला सांगायचं राहिलं, निदान ज्याचा अपराध केला त्याला तरी सांगू. मास्तर वर्गावर होते. मुलांना गणितं घालून ते बाहेर आले. आता पार पिकले आहेत.

"आवो, यशवंतभाई, बसा. साहेबांचं ऐकलं. दोन दिवस माझ्या गळ्याखाली घास नाय गेला."

मी बसलो नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बंद पडलेलं घड्याळ, अगाशी, तीन सेकंद, सगळं. बोलताना मी टोपी काढून हातात धरली होती. शिलेदाराचा नातू!

मास्तरांनी ऐकून घेतलं. मग वर्गाच्या दाराकडे बोट केलं. "साहेब इथे आलेले. तो सुधारो छापायच्या आधी. भर उन्हात स्टेशनावरून चालत. ह्या दारात उभे राहिले नि मुलांना म्हणाले, मुलांनो, तुमच्या मास्तरांचं घड्याळ बरोबर होतं, माझं चुकलं. मी तो लाजून मेला, भाई. एवढा मोठा माणूस."

"मग?" मी म्हणालो.

"मी पूछलं, साहेब, भूल कोणाची? म्हणे, बडोद्याची. मी म्हटलं, बडोदं काय पायाने चालत तारऑफिसात जातं? जाय तो माणूस. तर हसले नुसते."

"त्यांना माहीत होतं?"

"तारमास्तरच्या चोपडीत त्या दिवशी तमारी सही नहोती. साहेब बघून आलेले."

"मग मला का नाही विचारलं?" मी जवळजवळ ओरडलोच. वर्गातली मुलं दाराशी आली.

मास्तर शांतपणे म्हणाले, "पूछलं तो होतं, यशवंतभाई. एक वार. माझ्या सामे. तुम्ही जवाब दिला होता."

अप्पा, मला तुमचा फार राग आला. त्या शाळेच्या ओट्यावर बसून मी पोरांच्या देखत रडलो, आणि ते दुःखाचं रडणं आहे असं मास्तरांना वाटलं असेल. निम्मं रागाचं होतं. चार वर्षं! चार वर्षं तुम्हाला ठाऊक होतं, आणि तुम्ही रोज सकाळी ती किल्ली माझ्या हातात देत होतात, थट्टा करत होतात, माझ्या मुलीच्या लग्नात पंगतीला वाढत होतात. दुसऱ्या कुठल्याही माणसाने एकदा तरी टोमणा मारला असता. तुम्ही मला निरीक्षक मानलंत, आणि निरीक्षकाला दुसऱ्यांदा विचारायचं नसतं. माझं उत्तर माझ्या नावावर राहू दिलंत. दुरुस्त करायचं तर मीच करायचं होतं. हे कळायला मला गाडीतला परतीचा सगळा प्रवास लागला, आणि मग राग कुठे गेला ते समजलं नाही. वहिनींना पाकिटाची तारीख विचारली. ते पाकीट तुम्ही गेल्या दिवाळीत लिहिलंत. म्हणजे सगळं ठाऊक असून लिहिलंत.

निघताना मी मास्तरांना विचारलं, रविवारी सभेला येणार ना? तेच आता सगळ्यांत जुने, अध्यक्षस्थान त्यांचंच. म्हणाले, "येईश ने. पण मत कोणाला देईश ते आत्ता नाय सांगणार." बरोबरच आहे त्यांचं. मी तरी कुठे विचारणार होतो?

तेव्हा उद्या असं करणार आहे. मास्तर खुर्चीवर बसतील. गावोगावचे सगळे येतील. तुमची पाकिटातली ओळ कुणी वाचण्याआधी मी उभा राहीन आणि हे सगळं वाचून दाखवीन, शब्द न गाळता. मग मी बाहेर जाऊन थांबेन. त्यांनी हवं ते ठरवावं. त्यांनी दुसऱ्या कुणाला नेमलं तर सोमवारी सकाळी मी किल्ली त्याच्या हातात देईन आणि काजळी कशी धरायची ते शिकवीन, चिडचिड न करता. हे शेवटचं मला जमेल की नाही, देव जाणे.

पण सभेच्या आधी तुम्ही. मास्तरांसमोर, त्या तळघरात, तुम्ही मला विचारलं होतंत की संक्रांतीला मी तारऑफिसात गेलो होतो ना.

नाही, अप्पा. गेलो नव्हतो. मी पतंग उडवत होतो.